पश्चिमेची भिंत आणि माझी खळ

९ जून, सोमवार

एक्केचाळीस वर्षं मी चादरींच्या गिरणीत खळमास्तर होतो. खळ म्हणजे पिठाची शिजवलेली पेज. ती चढवली की सूत मागावर तुटत नाही. रोज पाळी सुटताना खात्याच्या वहीत चार ओळी लिहायचो: किती ताणे (मागावरचे उभे धागे) झाले, खळ दाट झाली की पातळ, कुणाच्या हातून काय बिघडलं. गिरणी बंद पडली त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत वहीत लिहावं असं काही घडलं नाही. आज घडलं, म्हणून कोरी वही उघडून बसलोय.

दुपारी गुरम्मा म्हणाली, "घड्याळाकडे काय बघत बसता? खाली ती तिसऱ्या मजल्यावरची मॅडम उन्हात राबतीय. तिला चहा देऊन या." गुरम्मा ही माझी बायको. घरात ती माझ्याशी तेलुगूत बोलते, मी इथं मराठीत लिहितोय. चहाचा कप घेऊन ती मला कधी शेजारीसुद्धा पाठवत नाही. आज काय सुचलं कुणास ठाऊक.

आमच्या बिल्डिंगची पश्चिमेची भिंत चार मजली, सपाट सिमेंटची. एक खिडकी नाही. एप्रिल-मे महिन्यात तिला हात लावला तर फोड येईल. त्या भिंतीला जुलेखा बागवान ब्रशनं काहीतरी काळपट हिरवं फासत होती. ही मुलगी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ती खाली फासत होती आणि वरचं वाळून पापडासारखं गळून पडत होतं. भिंतीचं शेवाळ खरवडणारी माणसं आयुष्यभर बघितली. लावणारं माणूस आज पहिल्यांदा बघितलं.

"मामा, चिकटतच नाही बघा," ती म्हणाली. रडायच्या बेतात होती.

"खळीशिवाय चिकटेल कसं?" मी बोलून गेलो.

"खळ म्हणजे?"

सोलापुरात जन्मलेली मुलगी मला हा प्रश्न विचारते! मी तिथंच उभा राहून तासभर सांगितलं. चहा गार झाला.

११ जून, बुधवार

आज तिनं तिची बाजू समजावून सांगितली. निम्मं कळलं, तेवढं लिहितो.

एका जुन्या दगडी हौदामागं तिला एक काळपट साय सापडली. त्यात शेवाळ आणि एक काळी बुरशी जोडीनं राहतात. शेवाळ उन्हावर जगतं आणि बुरशीला पोसतं, बुरशी शेवाळाला सावली देते. ती साय काँक्रीटवर धरली, तर भिंतीच्या बारीक भेगा बुजवते, ऊन आत जाऊ देत नाही, आणि खरचटलं तर स्वतःच भरून येते. रंग दर तीन वर्षांनी द्यावा लागतो. हा लेप जिवंत असतो, तो आपला आपण नवा होतो.

बुरशी म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला. आमच्या धंद्यात बुरशीइतका वैरी दुसरा नाही. पावसाळ्यात खळीला बुरशी धरली की अख्खा ताणा फुकट. ती हसून म्हणाली, "ही शहाणी बुरशी आहे, मामा." मी तिला लेपच म्हणणार.

दोन वर्षं ती याच्यावर काम करतेय, सगळं बाटल्यांमध्ये आणि काचेच्या ताटल्यांमध्ये. खरी भिंत ही पहिलीच. सोसायटीनं ती दिलीय, पण १७ ऑगस्टच्या वार्षिक सभेपर्यंतच. तोवर लेप धरला तर राहील, नाही तर भिंतीला रंग. कॉलेजही त्यापुढं थांबणार नाही. पुण्याच्या एका औषध कंपनीत तिची नोकरी ठरल्यात जमा आहे, तिथं गोळ्यांच्या बाटल्या तपासायच्या. १८ ऑगस्टपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. पगार दुप्पट आहे म्हणाली, आणि कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं.

आमचे चेअरमन बापूसाहेब जिन्यात भेटले. ते मूळचे केम गावचे. तिकडं त्यांची डाळिंबाची बाग आहे. "मास्तर, आमी जलमभर शेवाळ घासून काढलं, आन् ह्या मॅडम लावायल्यात. लई झालं की हे!" असं म्हणून ते इतक्या मोठ्यानं हसले की मला त्यांचा राग आला. भिंत माझी नाही, लेप माझा नाही. मग राग कशाचा आला?

१६ जून, सोमवार

जुलेखाच्या स्वयंपाकघरात खळ झाली. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, बारीक दळायचे, पीठ थंड पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचं, थेंबभर तेल सोडायचं. मी खुर्चीवर बसून सांगत होतो आणि ती प्रत्येक गोष्ट काट्यावर तोलून घालत होती. मला हात लावू दिला नाही. "मोजमाप चुकेल, मामा." एक्केचाळीस वर्षांत मी कधी काही तोललं नव्हतं. उलथण्यावरून खळ कशी ओघळते ते बघायचं, बस्स.

खळ कोमट झाल्यावर तिनं त्यात लेप कालवला आणि भिंतीच्या खालच्या बाजूला चार चौकोन रंगवले.

२७ जून, शुक्रवार

चौकोन धरले! चारही. काल संध्याकाळी नखानं खरवडून बघितलं (जुलेखा ओरडली), निघत नाहीत. रंग शिळ्या पालकाच्या भाजीचा आहे, पण तिला तो फार सुंदर वाटतो. आता मलाही वाटायला लागलाय.

जुलेखा म्हणाली, "आता अख्खी भिंत. मामा, खळ तुम्हीच करा."

रात्रीचं जेवण मी दोन घासांत उरकलं. गुरम्मा माझ्याकडे बघून गालात हसत होती. विचारलं तर म्हणाली, भाजीत मीठ जास्त झालंय का बघत होते.

२९ जून, रविवार

पहाटे पाचला अंगणात चूल मांडली. लग्नातला मोठा हंडा आणला. आज खळ माझ्या हातची. तोलणं नाही, मोजणं नाही. चिंचोक्याचं पीठ गुठळी न होता कसं सोडायचं, उकळी फुटायच्या आत आच कशी ओढायची, हे हात विसरला नव्हता. शेवटी नेहमीप्रमाणे मूठभर मोरचूद चुरडून टाकलं. निळे खडे अजून डब्यात आहेत. मोरचूद असलं की खळ आठवडाभर टिकते, तिला बुरशी शिवत नाही. पाचशे ताणे केले तरी माझी खळ कधी नासली नाही, हे आमच्या खात्यात अजून लोक सांगतात.

जुलेखानं लेप कालवला. येडू रंगारी परांचीवर चढून दुपारपर्यंत चारी मजले लावून उतरला. "मास्तर, साळ्याच्या दुकानात कामाला आलोय का रंगाच्या, तेच कळंना," म्हणाला. सगळ्यांना गुरम्मानं पिठलं-भाकरी घातली. मी इतका जेवलो की दुपारी झोपच लागली. किती वर्षांनी!

८ जुलै, मंगळवार

भिंत मेली.

मेली हाच शब्द जुलेखानं वापरला. दहा दिवसांत ती काळपट हिरवी व्हायची, ती राखेसारखी झालीय. खळ मात्र घट्ट धरून आहे, एक पोपडा सुटला नाही. खळीला कुणी नाव ठेवू शकणार नाही. खालचे ते चार चौकोन मात्र जिवंत आहेत.

जुलेखा भिंतीजवळ बसून राहिली. मी शेजारी बसलो.

१० जुलै, गुरुवार

माझा संशय बापूसाहेबांवर आहे. लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की मास्तर मागाहून बोलतात.

एक: त्यांना ही भिंत पहिल्यापासून नको आहे. दोन: गेल्या रविवारी, भिंत मरायच्या आधी, दुपारी तीनला ते निळा कॅन घेऊन मागच्या बाजूला गेले. तीन: मला बघितल्यावर त्यांनी कॅन पाठीमागं धरला. फिनेल असणार. नाहीतर गवत मारायचं औषध. बागायतदार माणूस, त्यांच्या घरात काय नसेल?

आजपासून मी दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून डोळ्यात तेल घालून बसणार.

१३ जुलै, रविवार

आज पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं. "बापूसाहेब, कॅनमध्ये काय होतं?"

"बोरच्या मोटारीचं ऑइल. का वो?"

"मग भिंत कुणी मारली?"

दुसऱ्या मजल्यावरची सोनम बाळाला कडेवर घेऊन उभी होती, ती दोन पावलं मागं सरकली. बापूसाहेब लालबुंद झाले. "मास्तर, तुमचं वय बघून गप बसतोय. भिंत नको असती तर आमी सभेत न्हाय म्हणलो असतो की. चोरून इख घालायची आमची रीत न्हाय." आणि निघून गेले.

गुरम्मा घरी आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. जुलेखानं फक्त म्हटलं, "मामा, पुरावा नसताना असं बोलायचं नसतं." पण मी बघितलंय ना!

१५ जुलै, मंगळवार

दुसरा हात दिला. जुलेखाकडं लेप अजून होता. या वेळी खळ मी जास्त काळजीनं केली. हवा दमट आहे, म्हणून मोरचूद दुप्पट. माझ्याकडून काही कमी पडायला नको. येडूनं पुन्हा चारी मजले लावले.

गॅलरीतला पहारा चालू आहे.

२५ जुलै, शुक्रवार

दुसऱ्यांदाही मेली. पहिल्यापेक्षा लवकर.

पहाऱ्यात एक दिवस खंड नाही. भिंतीजवळ कुणी फिरकलं नाही, बापूसाहेब तर त्या बाजूनं येणंच बंद झालेत. मला काही कळेनासं झालंय.

जुलेखा संध्याकाळी आमच्याकडे आली. शांत होती, तेच मला आवडलं नाही. म्हणाली, "मामा, चूक माझी आहे. हा जीव सोलापूरचं ऊन सोसत नाही, एवढाच अर्थ निघतो."

"मग ते चार चौकोन?"

"ते खाली आहेत, झाडाची थोडी सावली येते. तेवढ्यावर कोण विश्वास ठेवणार?" तिनं रिपोर्टात तसं लिहून टाकलंय. रविवारी पुण्याच्या साहेबांना होकार कळवते म्हणाली. मी म्हटलं, १८ तारखेपर्यंत मुदत आहे ना, घाई कशाला? तर म्हणाली, थांबून काय उपयोग? गुरम्मानं तिला जबरदस्तीनं जेवायला बसवलं आणि तिच्याकडून एवढं कबूल करून घेतलं की सभेच्या आधी काही कळवायचं नाही.

ती गेल्यावर घर फार रिकामं वाटलं. घरात माणसं पहिल्याइतकीच आहेत, तरी वाटलं.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

हे लिहायला तीन वेळा वही उघडली आणि मिटली.

गुरम्मा वारुळाला गेली होती. मी खाली हंडा घासत बसलो होतो, दुसऱ्या हाताची खळ तळाशी वाळून राहिली होती. बापूसाहेब आले. माझ्याशी बोलायला नव्हेच, मोटार बंद करायला. जाता जाता थांबले, वाकले, हंड्याच्या कडेला बोट लावलं आणि बोट उन्हात धरलं.

"मास्तर, हे निळं काय हाय?"

"खळीतलं मोरचूद."

"मोरचूद?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "अवो, पाऊस पडला की आमी डाळिंबावर मोरचूद आन् चुना फवारतो. कशासाठी ठावं हाय का? बुरशी मरावी म्हणून."

मी हंड्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. दोन्ही वेळा माझ्या या हातांनी, एकदा मूठभर, एकदा दोन मुठी.

बापूसाहेब खाली बसले. मला वाटलं, आता बोलणार. मी सगळ्यांसमोर त्यांना बोललो होतो, त्यांनी मला गल्लीसमोर बोलावं. ते म्हणाले, "मास्तर, मी कुनाला सांगनार न्हाय." आणि हंड्याची दुसरी कडी धरून मला तो उचलू लागले.

३० जुलै, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही.

३१ जुलै, गुरुवार

कालचं वाक्य खोटं आहे. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं.

विचार असा करत होतो: सांगून काय होणार? भिंत मेलीच आहे. पोरगी दुप्पट पगारावर जाईल, सुखात राहील. माझंही नाव खराब होणार नाही. सगळं रीतसर जमत होतं. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. तिच्या रिपोर्टात लिहिलंय की तिचा जीव नालायक निघाला. तो नालायक नव्हता. त्याला मी मारला.

गुरम्माला सांगितलं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "मला कशाला सांगता? मी का रिपोर्ट लिहितेय?"

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी आठला तिसऱ्या मजल्यावर गेलो. बूट काढायलाच मला पाच मिनिटं लागली.

म्हटलं, "जुलेखा, आमच्या गिरणीत प्रत्येक बीमला, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाला, चिठ्ठी बांधायची पद्धत होती. खळ कुणी चढवली त्याचं नाव चिठ्ठीवर. सूत तुटायला लागलं की मागवाल्यानं चिठ्ठी वाचायची आणि खळखात्यात येऊन त्या माणसाला शिव्या घालायच्या. तुझ्या भिंतीच्या चिठ्ठीवर माझं नाव लिही." आणि सगळं सांगून टाकलं. मोरचूद, मूठभर, दोन मुठी.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होतो.

"मामा," ती म्हणाली, "म्हणजे उन्हानं नाही मेलं?"

"नाही."

"म्हणजे माझं कल्चर बरोबर होतं?"

"मला ते कल्चर-बिल्चर काय कळत नाही. पण ते चांगलं होतं, बाळ. मीच विष घातलं."

ती ओरडली! आनंदानं ओरडली. "अम्मी! उन्हानं मेलं नाही! मोरचूद होतं!" आतून तिची आई पोळपाट घेऊन बाहेर आली, तिला वाटलं साप निघाला. जुलेखानं माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं होतं तसं एकही वाक्य ती बोलली नाही. मग तीन मिनिटांनी बोलली: "पण मामा, तुम्ही मला का नाही हो सांगितलंत? मी सगळं तोलून लिहून घेत होते ना!"

चुलीत लाकूड घालतो हे कुणी सांगतं का? मोरचूद माझ्या हातातून पडायचं, तोंडापर्यंत कधी आलंच नव्हतं.

३ ऑगस्ट, रविवार

चौदा दिवस उरलेत. जुलेखा म्हणाली, भिंतीवरचं मोरचूद काढल्याशिवाय नवा हात देऊन उपयोग नाही. मी म्हटलं, हे माझं काम. विणलेल्या कापडातली खळ उतरवायची कशी, ते आम्हाला शिकवावं लागत नाही. कोमट पाणी, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी ब्रश. खळ सुटते, तिच्यासोबत आतलं सगळं सुटतं.

पण पाणी कुठून आणणार? नळाला पाणी पाच दिवसांनी एकदा येतं. माणसांना पुरेना तिथं भिंतीला कोण देणार? बापूसाहेबांनी नोटीस लावली: "तांदूळ धुतलेलं, फिल्टरमधून वाया जाणारं, कुलरचं, कुठलंही पाणी पश्चिमेच्या भिंतीसाठी द्यावे. चेअरमन." पहिली बादली सोनमची आली. तीच, जिला काळी भिंत बघून बाळाला दृष्ट लागेल असं वाटतं. "डाग निघतायत तर निघू दे," म्हणाली.

सुटलेलं पाणी जुलेखानं झाडांत जाऊ दिलं नाही, प्लास्टिकची पन्हाळ लावून टाकीत धरलं. बापूसाहेब म्हणाले, "द्या की मला, डाळिंबावर मारतो." जुलेखा ठाम नाही म्हणाली. ते हिरमुसले.

अख्खी भिंत धुऊन व्हायची नाही. खालचे दोन मजले झाले तरी पुष्कळ.

५ ऑगस्ट, मंगळवार

मोरचूद नाही म्हणजे खळ टिकत नाही. संध्याकाळपर्यंत आंबते. म्हणजे रोज पहाटे नवी, आणि धुऊन झालेल्या भागाला लगेच तिसरा हात. एक्केचाळीस वर्षं आठवड्याची खळ एकदम करणारा माणूस मी, आता रोज उठून घागरभर करतो. बापूसाहेब ढवळायला येतात. त्यांचा हात जड आहे, गुठळ्या होतात. आज मी त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "मास्तर, तुमी आता कुनाला नावं ठेवायची न्हाईत." खरं आहे.

त्यांची माफी मात्र अजून मागितलेली नाही. तोंडापर्यंत येते आणि "आच कमी करा" होऊन बाहेर पडते.

९ ऑगस्ट, शनिवार. नारळी पौर्णिमा

सकाळी जानवं बदललं, दुपारी आम्हा विणकरांच्या मार्कंडेयाच्या रथाचं दर्शन घेतलं. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीतले जुने सोबती भेटले. नरसय्या म्हणाला, "काय करतोस सध्या?" मागची चार वर्षं मी म्हणायचो, बसून असतो. आज म्हणालो, "खळ करतोय." त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. कुठल्या गिरणीत, म्हणाला. बिल्डिंगला, म्हणालो. मग त्याची खात्रीच पटली.

घरी येऊन आधी भिंत बघितली. काही नाही. राखाडी.

१३ ऑगस्ट, बुधवार

पहिल्या मजल्याच्या उंचीवर, डाव्या कोपऱ्यात, एक हिरवट झाक. मला वाटलं डोळ्यांचा भास. गुरम्माला आणलं. तिचा मोतीबिंदूचा एक डोळा झालाय, एक राहिलाय. तिनं झालेल्या डोळ्यानं बघितलं आणि म्हणाली, "आहे."

जीव भांड्यात पडला. जुलेखाला हाक मारायला तिसरा मजला मी न थांबता चढलो, वर पोहोचल्यावर मात्र बोलता येईना. नुसतं खाली बोट दाखवलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

खालचे दोन मजले पालकाच्या भाजीसारखे झालेत. एकसारखे नाहीत. कुठं दाट, कुठं विरळ, एक मोठा टक्कल पडल्यासारखा डाग मध्येच. वरचे दोन मजले राखाडीच. उद्या सभा. लोक म्हणतील, ही काय भिंत झाली?

१७ ऑगस्ट, रविवार

सभा पार्किंगमध्ये झाली. सोळा घरांतली पंधरा आली होती.

जुलेखानं रिपोर्ट वाचला. वरच्या मजल्यांबद्दल आल्यावर म्हणाली, "मिश्रणात एक घटक चुकून आल्यामुळे वाढ थांबली." पुढं जायला लागली. मी उभा राहिलो. म्हटलं, "घटक आपोआप येत नाही. तो मी घातला. आणि आळ घेतला बापूसाहेबांवर, इथंच, सगळ्यांसमोर. म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागतो. बापूसाहेब, माझं चुकलं." आणि खाली बसलो. गुरम्मानं माझ्या पाठीवर हात ठेवला. पन्नास वर्षांच्या संसारात चारचौघांत पहिल्यांदाच.

मग मतदान. रंगाच्या बाजूनं सात हात. लेपाच्या बाजूनं सात, त्यात सोनमचा एक. बापूसाहेबांचं मत राहिलं.

ते उठले, टोपी काढून टेबलावर ठेवली. "काल दुपारी तीन वाजता मी भिंतीला हात लावून बघितला. वरचा मजला परांचीवरून, खालचा खालनं. वर हात ठेववत न्हवता. खाली ठेवून उभा राहिलो तरी कायबी वाटंना. दिसायला लई भारी न्हाय, खरं हाय. पर भिंत काय बघायला असती व्हय? माझं मत लेपाला." लोक टाळ्या वाजवायला लागले तर त्यांनी हात वर केला. "थांबा. मास्तरनी माझ्यावर आळ घेतलाय, त्याची शिक्षा बाकी हाय. वरचे दोन मजले हुईस्तोवर रोज पहाटं खळ मास्तरनीच करायची. सुट्टी मिळनार न्हाय."

मी म्हणालो, मान्य आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

दुपारी जुलेखा आमच्याकडे जेवायला होती. जेवता जेवता पुण्याचा फोन आला. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं ती गुरम्माच्या आमटीत भाकरी कुस्करत होती. बोलणं सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही. "सॉरी सर" तेवढं कळलं. तीनदा म्हणाली, आणि तिन्ही वेळा हसत होती. एवढी माफी मागताना एवढं हसणारं माणूस मी बघितलं नाही.

गुरम्मा आत गेली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. विचारलं तर म्हणाली, फोडणीचा धूर. फोडणी सकाळीच झाली होती.

फोन ठेवून जुलेखा म्हणाली, "मामा, उद्या खळ किती वाजता?"

म्हटलं, "पाचला. उशिरा आलीस तर मी थांबणार नाही."